सुफेन आणि दुष्फेन : ग्लासगो व लंडन या दोन शहरांच्या नळपाण्याचा तुलनात्मक इतिहास

प्रस्तावना

पाण्याच्या जडपणासाठी मराठी विज्ञानपुस्तकांनी जे दोन शब्द रूढ केले, ते विचार करण्याजोगे आहेत. ज्या पाण्यात साबणाला चांगला फेस येतो ते 'सुफेन' आणि ज्यात येत नाही ते 'दुष्फेन'. बोअरच्या पाण्यावर संसार करणाऱ्या गृहिणीला हे शब्द ठाऊक नसले तरी त्यांमागील अनुभव तिला पुरेपूर ठाऊक असतो. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, कपड्यांवर पांढरट साका बसतो, भांड्याच्या तळाशी किटण जमते. हे पाणी 'जड' आहे, असे ती म्हणते. तथापि पारिभाषिक शब्द घडविताना जडपणाकडे न पाहता फेसाकडे पाहिले गेले. म्हणजे पदार्थाच्या नावातच तो मोजण्याची रीत येऊन बसली. ही रीत एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये घडली आणि तिने तेथील दोन मोठ्या शहरांच्या पाणीपुरवठ्याविषयीच्या वादांना दीर्घकाळ वळण दिले.

ग्लासगोचे नळपाणी ब्रिटनमधील अत्यंत सुफेन पाण्यांपैकी एक होते आणि आहे. लंडनचे पाणी तितकेच ठळकपणे दुष्फेन आहे. कोणते पाणी चांगले, या प्रश्नाला १८५० मध्ये एक उत्तर मिळत होते, १८६६ मध्ये तेच उत्तर वेगळ्या कारणाने मिळाले, आणि १९७५ मध्ये ते जवळजवळ उलटे झाले. पाण्यातील क्षारांचे प्रमाण मात्र या सव्वाशे वर्षांत फारसे बदलले नव्हते. बदलली ती तपासणाऱ्याची कसोटी. प्रस्तुत लेखात या बदलत्या कसोट्यांचा आणि त्यांच्या नजरेतून निसटलेल्या गोष्टींचा मागोवा घेतला आहे.

दोन शहरे, दोन खडक

पाण्याचा जडपणा मुख्यत्वे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे येतो आणि हे क्षार खडकांतून येतात. लंडनला पाणी देणाऱ्या थेम्स आणि ली या नद्यांच्या खोऱ्यांत चुनखडक आणि खडूचे थर विस्तृत प्रमाणात आहेत. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन या थरांतून झिरपते, खडू विरघळवते आणि बायकार्बोनेटच्या रूपाने सोबत वाहून आणते. १६१३ मध्ये ह्यू मिडलटन यांच्या प्रयत्नांतून पूर्ण झालेल्या 'न्यू रिव्हर' या कालव्यानेही हर्टफर्डशायरमधील झऱ्यांचे पाणी लंडनला आणले, आणि ते झरेही खडूच्या थरांतीलच होते. लंडनच्या चहाच्या किटलीत पांढरा थर साचतो, त्याचे मूळ हे आहे.

ग्लासगोला १८५९ पासून पाणी देणारे कॅट्रिन सरोवर याच्या अगदी उलट प्रकारचे आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील त्याच्या परिसराचे खडक जुने, रूपांतरित आणि पाण्यात फारसे न विरघळणारे आहेत. तेथे पाऊस भरपूर पडतो, तो उतारावरून वेगाने वाहून सरोवरात येतो आणि वाटेत पीट या कुजक्या वनस्पतिमातीतील थोडी आम्लता व किंचित पिवळसर छटा घेतो. क्षार मात्र जवळजवळ घेत नाही. आपल्याकडील सह्याद्रीच्या माथ्यावर धरणांत साठणारे पावसाचे पाणी आणि पठारावरील खोल बोअरचे पाणी यांतील फरक ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या दोन शहरांतील भेद समजावा लागणार नाही.

साबणाची कसोटी

हा भेद आकड्यांत मांडण्याचे काम ॲबर्डीन येथील मारिशल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी केले. १८४१ मध्ये त्यांनी चुन्याच्या साहाय्याने पाणी सुफेन करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. दुष्फेन पाण्यात चुन्याची निवळी मोजून मिसळली असता विरघळलेले बायकार्बोनेट खडूच्या रूपाने खाली बसते. पाण्यातील चुना काढण्यासाठी चुनाच घालायचा, ही गोष्ट सामान्य वाचकाला आजही गंमतीची वाटते. परंतु क्लार्क यांचे अधिक टिकाऊ योगदान मापनाचे होते. ठरावीक ताकदीचे साबणाचे द्रावण थोडेथोडे घालून बाटली हलवत राहायचे आणि पृष्ठभागावर पाच मिनिटे टिकणारा फेस येण्यास किती द्रावण लागले ते पाहायचे. एक गॅलन पाण्यात एक ग्रेन खडूइतका क्षार असल्यास तो एक 'क्लार्क अंश'. आजच्या मापाने हा अंश लिटरमागे सुमारे १४.३ मिलिग्रॅम इतका येतो. थेम्सचे पाणी या मापाने साधारणतः १४ अंशांच्या आसपास वा त्याहून अधिक भरे. कॅट्रिनचे पाणी एका अंशाच्या जवळपास राहते.

ही कसोटी स्वस्त होती, कोणत्याही दवाखान्यात वा कारखान्यात करता येण्यासारखी होती आणि तिचे उत्तर थेट पैशांत मांडता येई. पाण्यातील क्षार जितके अधिक, तितका साबण फेस येण्यापूर्वीच वाया जातो. ब्रिटनमध्ये १८५३ पर्यंत साबणावर कर होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. लाखो घरांत रोज धुतल्या जाणाऱ्या कपड्यांचा हिशेब केला की दुष्फेन पाणी हा शहरावरील एक अदृश्य कर ठरतो, हा युक्तिवाद त्या काळच्या सुधारकांना पटणे स्वाभाविक होते.

एडविन चॅडविक यांचा प्रभाव असलेल्या 'जनरल बोर्ड ऑफ हेल्थ' या मंडळाने लंडनच्या पाणीपुरवठ्याविषयी १८५० मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात हा युक्तिवाद ठळकपणे आढळतो. थेम्सचे पाणी सोडून सरे परगण्यातील वाळूच्या थरांतील सुफेन पाणी आणावे, त्यामुळे साबणाची आणि चहाची मोठी बचत होईल, असा मंडळाचा आग्रह होता. अहवालात नदीच्या अस्वच्छतेचा विचार नव्हता असे नाही. पण जडपणा हा दोष त्यात इतक्या पुढच्या रांगेत आहे की, आजच्या वाचकाला प्राधान्यक्रमाचे आश्चर्य वाटावे. २३ लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर त्या वेळी आपले सांडपाणी ज्या नदीत सोडत होते, तिचेच पाणी त्यातील मोठा भाग पीत होता. खासगी कंपन्यांचे पाणी दिवसातून थोडा वेळ येई, अनेक गरीब वस्त्यांत कित्येक घरांत मिळून एक तोटी असे, आणि उरलेल्या वेळासाठी पाणी पिंपांत साठवावे लागे. अशा घरात साबणाची बचत ही चिंता खरी असली तरी पहिली नव्हती.

सरेतील सुफेन पाण्याविषयी आणखी एक अडचण होती. १८४८ च्या क्रांतीनंतर फ्रान्सचा पदच्युत राजा लुई फिलिप कुटुंबासह याच सरे परगण्यातील क्लेअरमाँट येथे आश्रयास राहिला होता. तेथील रहिवाशांपैकी अनेकांना पोटशुळाचा विकार जडला. शोध घेता झऱ्याच्या पाण्याने वाटेत शिसे विरघळवून घेतल्याचे दिसून आले. सुफेन पाणी शिशावर अधिक हल्ला करते आणि पाण्यातील काही क्षार त्याला अटकाव करतात, ही गोष्ट एडिंबरोचे रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी विषांवरील आपल्या १८२९ च्या ग्रंथात प्रयोगांनिशी मांडलेली होती. म्हणजे या धोक्याचे ज्ञान विद्वानांना होते. फेसाच्या कसोटीत त्याला जागा नव्हती.

कॉलरा आणि फेसापलीकडचे पाणी

लंडनमध्ये १८५४ च्या कॉलऱ्यात जॉन स्नो यांनी केलेली तुलना सार्वजनिक आरोग्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. तिच्याकडे जडपणाच्या संदर्भात मात्र क्वचितच पाहिले जाते. दक्षिण लंडनच्या अनेक रस्त्यांवर साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल आणि लँबेथ या दोन कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी होते. पहिली कंपनी बॅटरसी येथून भरती-ओहोटीच्या टप्प्यातील पाणी उचलत असे. दुसरीने १८५२ मध्ये आपले पाणी उचलण्याचे ठिकाण वरच्या बाजूस थेम्स डिटन येथे हलविले होते. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ आणि दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू झाले. दर दहा हजार घरांमागे हे प्रमाण ३१५ विरुद्ध ३७ असे येते.

दोन्ही पाणी थेम्सचेच होते, दोन्ही दुष्फेन होते. जडपणावरून गुणवत्ता ठरविणाऱ्यास या दोहोंत जीवनमरणाचे अंतर दिसले नसते. घरात नेमक्या कोणत्या कंपनीचे पाणी येते हे भाडेकरूंना अनेकदा सांगता येत नसे, म्हणून स्नो यांनी एक रासायनिक कसोटी वापरली. पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकले असता मिठाच्या प्रमाणात पांढरा साका पडतो. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या एका गॅलन पाण्यात ३७.९ ग्रेन मीठ आढळले, लँबेथच्या पाण्यात ०.९५ ग्रेन. या मिठाने कोणालाही कॉलरा होत नव्हता. ते केवळ पाण्याचे मूळ ठिकाण सांगत होते. कसोटी काय मोजते आणि काय सुचविते यांतील फरक स्नो यांनी जितका स्पष्ट राखला, तितका त्यांच्या समकालीनांनी क्वचितच राखला.

१८५२ च्या कायद्याने लंडनच्या कंपन्यांना टेडिंग्टनच्या वरून पाणी उचलण्याचे आणि ते गाळून देण्याचे बंधन घातले गेले. तरीही १८६६ मध्ये ली नदीवरील एका कंपनीच्या न गाळलेल्या पाण्यामुळे पूर्व लंडनमध्ये कॉलरा पसरला. त्या वर्षी लंडनमध्ये साडेपाच हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांपैकी बहुसंख्य पूर्वेकडील कष्टकरी वस्त्यांतील होती. त्याच साथीत ग्लासगोमधील मृत्यू शंभरांच्याही आत राहिले. त्याआधीच्या प्रत्येक मोठ्या साथीत हेच शहर हजारो माणसे गमावत आले होते.

कॅट्रिनचे पाणी

मधल्या काळात ग्लासगोने काय केले होते, हे पाहणे येथे आवश्यक आहे. क्लाइड नदीचे पाणी पुरविणाऱ्या खासगी कंपन्यांवर नगरपालिकेचा विश्वास उरला नव्हता. जॉन फ्रेडरिक बेटमन या अभियंत्याच्या सल्ल्याने कॅट्रिन सरोवराची पातळी थोडी वाढवून तेथील पाणी केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणण्याची योजना आखली गेली. १८५४ चे विधेयक फसले. फोर्थ नदीतील नौकानयनास बाधा येईल, असा नौदल खात्याचा आक्षेप होता. दुसरा आक्षेप रसायनशास्त्राचा होता आणि इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा ठरला. ग्लासगोतीलच अँडरसन्स युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक फ्रेडरिक पेनी यांनी असा इशारा दिला की, इतके सुफेन पाणी शहरातील शिशाच्या नळांवर परिणाम करील. प्रत्यक्ष वापरात नळांच्या आतून थर बसतो आणि धोका राहत नाही, असा योजनेच्या समर्थकांचा विश्वास होता. १८५५ मध्ये विधेयक संमत झाले. सुमारे २६ मैलांच्या जलवाहिनीचे काम पूर्ण होऊन १४ ऑक्टोबर १८५९ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

या प्रकल्पाचा शहराला किती अभिमान वाटला, हे केल्विनग्रोव्ह उद्यानातील १८७२ च्या कारंज्यावरून कळते. योजनेचा पाठपुरावा करणारे नगरप्रमुख रॉबर्ट स्ट्युअर्ट यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या कारंज्याच्या शिखरावर वॉल्टर स्कॉट यांच्या 'द लेडी ऑफ द लेक' (१८१०) या काव्याची नायिका आहे, कारण त्या काव्याची भूमी कॅट्रिन सरोवर हीच आहे. नगरपालिकेच्या नळाला महाकवीचे वलय लाभण्याचे असे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही. मुंबईचा विहार तलावही याच काळातला. १८५६ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये, कॅट्रिननंतर अवघ्या एका वर्षाने, त्याचे पाणी शहराला मिळू लागले. वस्तीपासून दूर, उंचावर साठविलेले पाणी नळाने आणावे ही कल्पना त्या दशकात दोन्हीकडे रुजत होती.

१८६६ च्या साथीत ग्लासगो वाचले ते पाण्यात मलमूत्र मिसळत नव्हते म्हणून. तथापि लोकमानसात निर्मळपणा आणि सुफेनपणा हे दोन गुण एकमेकांत मिसळून गेले. मऊ, गोड, साबणाला भरपूर फेस देणारे पाणी हे शुद्धच असणार, अशी समजूत झाली. याच वेळी बेटमन यांनी वेल्समधील सेव्हर्न नदीच्या उगमाकडील सुफेन पाणी लंडनला आणण्याची भव्य योजना मांडली. १८६९ मध्ये ड्यूक ऑफ रिचमंड यांच्या अध्यक्षतेखालील राजआयोगाने ती स्वीकारली नाही. थेम्स आणि ली यांचे पाणी योग्य काळजी घेतल्यास पुरेसे आहे, असा त्याचा अभिप्राय होता. पाच वर्षांनी नद्यांच्या प्रदूषणाविषयीच्या आयोगाने आपल्या सहाव्या अहवालात थेम्सच्या पाण्यावर कठोर टीका केली. या अहवालामागील प्रमुख रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांना सांडपाण्याचा स्पर्श झालेले पाणी मुळीच मान्य नव्हते. मात्र त्याच अहवालात निरनिराळ्या शहरांतील मृत्युदर तपासून, स्वच्छतेची स्थिती सारखी असेल तेथे पाण्याच्या जडपणाचा मृत्युदरावर परिणाम दिसत नाही, असेही नोंदविले गेले. फेस आणि आयुष्य यांचा संबंध त्या काळच्या सर्वांत कडक परीक्षकालाही सापडला नाही.

लंडन त्यामुळे दुष्फेनच राहिले. १९०४ मध्ये खासगी कंपन्या जाऊन 'मेट्रोपॉलिटन वॉटर बोर्ड' आले. त्याच्या तपासणी विभागाचे संचालक अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी जीवाणूंची नियमित मोजणी सुरू केली आणि १९१६ पासून थेम्सच्या पाण्यात क्लोरीन वापरले. लंडनच्या नळाचे पाणी जीवाणूंच्या दृष्टीने सुरक्षित झाले ते साठवण, गाळण आणि क्लोरीन यांमुळे. किटलीतील किटण तसेच राहिले.

शिसे

हेच ह्यूस्टन लंडनला येण्यापूर्वी डोंगराळ माळांवरील पाण्यामुळे होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचा अभ्यास करीत होते. १८८० च्या दशकात शेफील्ड शहरात पीटयुक्त, आम्लधर्मी, सुफेन पाण्यामुळे शिशाच्या विषबाधेची प्रकरणे उघडकीस आली होती आणि पाण्यात खडू वा चुना मिसळल्यास ती थांबतात हेही कळले होते. मग ग्लासगोमध्ये हा उपाय का झाला नाही? पेनी यांचा इशारा तीसएक वर्षांपूर्वीचाच होता.

याचे उत्तर पुन्हा कसोटीत शोधावे लागते. एकोणिसाव्या शतकातील वैद्याला शिशाची विषबाधा ओळखता येई ती तीव्र पोटशूळ, मनगट लुळे पडणे, हिरड्यांवरील निळसर रेघ अशा खुणांवरून. या खुणा मोठ्या प्रमाणावर दिसल्या नाहीत, म्हणजे पाणी निर्दोष आहे, असे मानले गेले. रक्तातील सूक्ष्म शिसे विश्वासार्हपणे मोजण्याची साधने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास उपलब्ध झाली. तोवर ग्लासगोची चाळवजा दगडी घरे, म्हणजे तेथील टेनेमेंट, तशीच उभी होती. त्यांतील कित्येकांच्या माळ्यावर शिशाचा पत्रा लावलेली टाकी असे आणि तेथून खालच्या मजल्यांपर्यंत शिशाचे लांब नळ जात. रात्रभर त्या नळात उभे राहिलेले सुफेन पाणी सकाळी पहिल्या चहाच्या किटलीत पडत होते. ज्या पाण्याने या घरांना कॉलऱ्यापासून वाचविले होते, तेच ते पाणी होते.

ग्लासगो विद्यापीठातील अब्राहम गोल्डबर्ग, मायकेल मूर, बीटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हा प्रश्न हाती घेतला. 'लॅन्सेट' मध्ये १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बौद्धिक विकास खुंटलेली ७७ मुले आणि तुलनेसाठी घेतलेली तेवढीच मुले यांचा विचार होता. ही मुले आईच्या पोटात असताना कुटुंब ज्या घरात राहत होते, त्या घरांच्या नळाचे पाणी तपासण्यात आले. ज्या घरांत शिसे लिटरमागे ८०० मायक्रोग्रॅमहून अधिक होते, तेथे विकास खुंटण्याची शक्यता लक्षणीयरीत्या वाढलेली आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ पासून मानलेली मार्गदर्शक मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे, यावरून त्या नळांची कल्पना यावी.

यावर सहज आक्षेप घेता येतो. अशी घरे गरिबांचीच असणार, आणि गरिबीची इतर अनेक दुःखे मुलांच्या वाढीवर परिणाम करतात. म्हणून १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला पुढील पुरावा महत्त्वाचा आहे. फिनिलकीटोनुरिया या आनुवंशिक विकाराच्या चाचणीसाठी नवजात बालकांच्या रक्ताचे थेंब कागदी पट्ट्यांवर घेऊन जपून ठेवलेले होते. संशोधकांनी त्या जुन्या पट्ट्या काढून त्यांतील शिसे मोजले. विकास खुंटलेल्या मुलांच्या जन्मकाळच्या रक्तात ते अधिक निघाले. ज्या कामासाठी ते थेंब घेतले होते त्याचा शिशाशी काडीचाही संबंध नव्हता. संख्या लहान आहे, आणि एवढ्यावरून एकेका मुलाविषयी कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्यांच्याविषयी हा पुरावा होता, त्यांच्या मातांपुढे नळाव्यतिरिक्त दुसऱ्या पाण्याचा पर्याय नव्हता.

याच सुमारास सुफेन पाण्यावर आणखी एक आरोप होत होता. जपानमध्ये जून कोबायाशी यांनी १९५७ मध्ये नद्यांच्या पाण्याचे रासायनिक स्वरूप आणि मेंदूतील रक्तस्रावाचे मृत्यू यांचा संबंध सुचविला. १९६१ मध्ये मॉरिस, क्रॉफर्ड आणि हेडी यांनी इंग्लंड व वेल्समधील शहरांत सुफेन पाणी आणि हृदयविकाराचे मृत्यू यांचा संबंध दाखविला. हा वाद पुढे बराच चालला. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम मर्यादित वा संदिग्ध निघाला. शिशाच्या पुराव्यापुढे या आरोपाचे वजन कमीच मानावे लागते. तरी सुफेन पाण्याच्या प्रतिष्ठेला त्यानेही धक्का दिला आणि लंडनच्या किटणाकडे लोक थोड्या आदराने पाहू लागले.

चुना आणि फॉस्फेट

ग्लासगोत १९७८ मध्ये कॅट्रिनच्या पाण्यात चुना मिसळण्यास आरंभ झाला. पूर्वी ६.३ च्या आसपास असलेला पाण्याचा पीएच ७.८ वर आणि पुढे ९ पर्यंत नेण्यात आला. जे पाणी चुना नसल्याबद्दल एकेकाळी वाखाणले गेले, त्यातच आता चुना मोजून घालावा लागत होता. पाणी यामुळे दुष्फेन झाले नाही, कारण मात्रा अल्प होती. आम्लता मात्र गेली. १९८९ पासून ऑर्थोफॉस्फेटही मिसळण्यात येऊ लागले. नळाच्या आत शिशाच्या फॉस्फेटचा जवळजवळ न विरघळणारा थर धरावा, हा त्याचा हेतू.

या उपायांचा परिणाम १९९६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसतो. १९८१ मध्ये ग्लासगोतील ४९ टक्के घरांच्या नळपाण्यात शिसे १० मायक्रोग्रॅम वा अधिक होते. १९९३ मध्ये हे प्रमाण १७ टक्क्यांवर आले. मातांच्या रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाण दर डेसिलिटरमागे ११.९ वरून ३.७ मायक्रोग्रॅमपर्यंत उतरले. ही घट एकट्या पाण्यामुळे झाली असे म्हणता येत नाही, कारण याच काळात पेट्रोलमधील शिसेही कमी होत होते. परंतु ज्या मातांच्या रक्तात शिसे अद्याप अधिक होते, त्यांच्या बाबतीत प्रमुख कारण नळाचे पाणीच असल्याचे त्या पाहणीने दाखविले.

एवढ्यावरून लंडनचे दुष्फेन पाणी निर्दोष ठरते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तोही टाळला पाहिजे. क्षारयुक्त पाणी नळाच्या आत थर बसविते आणि शिशाला आवर घालते, हे अंशतः खरे आहे. पण बायकार्बोनेट भरपूर असलेल्या पाण्यातही शिशाचे कार्बोनेट काही प्रमाणात विरघळतेच. ५० मायक्रोग्रॅमची जुनी मर्यादा असेतोवर हे प्रमाण खुपत नव्हते. युरोपीय संघाच्या १९९८ च्या निर्देशाने ती २००३ पासून २५ आणि २०१३ पासून १० वर आणली, तेव्हा लंडनलाही पाण्यात फॉस्फेट मिसळावे लागले. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम होती, २०१२ च्या सुधारणेत ती ०.०१ झाली. त्याच सुधारणेत जडपणाची इष्ट मर्यादा ३०० वरून २०० मिलिग्रॅमवर आली आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंतची सवलत मात्र कायम राहिली. शिशाला अशी सवलत नाही. जडपणा हा गैरसोयीचा विषय आणि शिसे हा विषाचा, हा भेद १८५० च्या लंडन अहवालात नव्हता. या मानकात तो आकड्यांतून उमटला आहे.

कॅट्रिनच्या निर्मळतेवरील विश्वासाची आणखी एक परीक्षा ऑगस्ट २००२ मध्ये झाली. सरोवराचे पाणी तोवर मुख्यतः जाळीतून गाळून आणि क्लोरीन घालून दिले जात होते. क्लोरीनला न जुमानणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी आढळल्याने शहरातील सुमारे दीड लाख लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी लागली. सरोवराकाठच्या डोंगरांवर शतकभराहून अधिक काळ मेंढ्या चरत होत्या. मिल्नगाव्ही येथे संपूर्ण प्रक्रिया करणारे नवे जलशुद्धीकरण केंद्र त्यानंतर काही वर्षांत उभे राहिले आणि कॅट्रिनच्या परिसरातून मेंढ्या हलविण्यात आल्या.

आज दोन्ही शहरांत शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्यात शिसे नसते. ते मिसळते शेवटच्या काही मीटरमध्ये. ब्रिटनमध्ये साधारण १९७० पूर्वी बांधलेल्या घरांत शिशाचा नळ असण्याची शक्यता राहते. रस्त्याखालील वाहिनीपासून मिळकतीच्या हद्दीपर्यंतचा तुकडा पाणी पुरविणाऱ्या संस्थेचा, आणि हद्दीपासून स्वयंपाकघरातील तोटीपर्यंतचा घरमालकाचा. संस्थेने आपला तुकडा बदलला तरी मालकाने आपला बदललाच पाहिजे असे नाही, आणि तो बदलण्याचा खर्च भाडेकरूच्या हाती नसतो. म्हणून कॅट्रिनच्या सुफेन आणि थेम्सच्या दुष्फेन, दोन्ही पाण्यांत फॉस्फेट मिसळणे चालूच आहे.